स्नेही आणि स्वत्व

ढवळ्याशेजारीं पवळ्या बांधला, वाण नाहीं पण गुण लागला, ही म्हण मराठी घरांत जितक्या वेळां ऐकूं येते तितकी दुसरी क्वचितच ऐकूं येत असेल. मुलगा संध्याकाळीं उशिरां घरीं आला, परीक्षेंत चार गुण कमी पडले, कीं वडील मंडळींचें पहिलें लक्ष जातें तें त्याच्या मित्राकडे. तो कोण, कोणाचा, वर्गांत त्याचा नंबर कितवा, तो विड्या ओढतो काय, ह्याची बारकाईनें चौकशी होते. आणि पुष्कळदां त्या दुसऱ्या घरांतही त्याच वेळीं हीच चौकशी उलट बाजूनें चाललेली असते.

ह्या म्हणींतील अनुभव खोटा आहे असें कोणी म्हणणार नाहीं. वाईट संगतीनें बिघडलेलीं आणि चांगल्या संगतीनें सुधारलेलीं मुलें प्रत्येक शाळेनें पाहिलेलीं असतात. परंतु ही म्हण गोठ्यांतली आहे, हें विसरतां कामा नये. एका दावणीला बांधलेले बैल एकमेकांशीं वाद घालीत नाहींत. माणसांच्या निकट स्नेहांत गुण लागतो तो केवळ शेजारानें लागतो, कीं आणखी कांहीं रीतीनें, हें पाहावयाचें असेल तर एखादी खरीखुरी मैत्री आरंभापासून अखेरपर्यंत पाहिली पाहिजे. महाराष्ट्राच्या माहितीची अशी एक मैत्री आहे. ती बाळ गंगाधर टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर यांची. तिच्या शेवटाविषयीं आजवर पुष्कळ लिहिलें गेलें. राजकीय सुधारणा आधीं कीं सामाजिक आधीं, हा त्यांचा वाद शाळकरी मुलांनाही पाठ असतो. पण तें भांडण इतकें खोल कां गेलें, हें समजण्यासाठीं आधीं ती मैत्री किती खोल होती हें पाहावें लागतें. आणि नेमकें तेंच घाईघाईनें ओलांडलें जातें.

दोघांचाही जन्म १८५६ च्या जुलै महिन्यांतला, अवघ्या नऊ दिवसांच्या अंतराचा. आगरकर १४ जुलैचे, कऱ्हाडजवळच्या टेंभू गांवचे. टिळक २३ जुलैचे, रत्नागिरीचे. जात एक, वय एक, पुढें कॉलेज एक. येथें साम्य संपतें. टिळकांचे वडील गंगाधरपंत हे शिक्षक. पुढें शिक्षणखात्यांत चढत गेलेले. संस्कृत आणि गणित ह्या दोन्ही विषयांचें बाळकडू मुलाला घरींच मिळालें. वडील १८७२ सालीं वारले, तरी मुलाच्या शिक्षणांत खंड पडला नाहीं. घरीं श्रीमंती नव्हती, पण उद्यां काय खावें ही भ्रांतही नव्हती. आगरकरांचें सारेंच उलट. कऱ्हाडांत कचेरींत कारकुनी कर, दवाखान्यांत कंपाउंडरचें काम कर, शिकण्यासाठीं रत्नागिरीस पायीं जा, तेथें जमलें नाहीं म्हणून परत ये, मग अकोल्यास नातलगांच्या आश्रयानें राहा, अशा वणवणींतून त्यांनीं १८७५ सालीं मॅट्रिकची परीक्षा दिली आणि पुण्याची वाट धरली. डेक्कन कॉलेजांत असतांना त्यांच्यापाशीं एकच सदरा होता. तो रात्रीं धुवावयाचा आणि सकाळीं तोच अंगांत घालावयाचा, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. शिष्यवृत्ति, बक्षिसाचे निबंध आणि वर्तमानपत्रांतील फुटकळ लेखन यांवर त्यांचें शिक्षण चाललें.

टिळकांची त्याच कॉलेजांतली प्रसिद्ध गोष्ट निराळी आहे. आपली प्रकृति किरकोळ आहे असें दिसून येतांच त्यांनीं कॉलेजचें पहिलें वर्ष व्यायाम, कुस्ती आणि पोहणें यांत घालविलें, परीक्षेंत नापास झाले, आणि त्याचें त्यांना फारसें कांहीं वाटलें नाहीं. नापास होण्याची ही चैन आगरकरांना परवडण्यासारखी नव्हती. पुढें दोघांच्या वृत्तींत जो फरक पडला त्याचें बीज ह्या दोन लहानशा गोष्टींत आहे असें कोणी म्हटलें, तर तें फारसें चुकीचें होणार नाहीं. एकाला पायांखालच्या जमिनीचा भरंवसा होता. दुसऱ्याला ती जमीनच ठोकून पाहण्याची संवय लागली होती.

टिळक १८७६ सालीं बी. ए. झाले आणि कायद्याच्या अभ्यासासाठीं कॉलेजांतच राहिले. आगरकर १८७८ सालीं बी. ए. झाले आणि एम्. ए. च्या तयारीला लागले. त्यांची खरी ओळख झाली ती ह्या सुमारास, म्हणजे दोघेही तेवीस वर्षांच्या घरांत असतांना. प्रिन्सिपॉल वर्डस्वर्थ, जे त्याच नांवाच्या इंग्रज कवीचे नातू होते, त्यांच्यासारखे अध्यापक, मिल्ल आणि स्पेन्सर यांचे ग्रंथ, येरवड्याकडची ती टेकडी, आणि हवें तेवढें बोलण्यास मोकळी रात्र, एवढें भांडवल त्यांच्यापाशीं होतें. बोलण्याचा विषय एकच. शिकून पुढें करावयाचें काय?

आज हा प्रश्न साधा वाटतो. त्या काळीं तो साधा नव्हता. पदवीधर मोजके होते आणि सरकारी नोकरी त्यांची वाट पाहात होती. मामलेदारी, मुनसफी हीं कांहीं स्वप्नें नव्हतीं. तो घरच्या माणसांनीं धरलेला हिशोब होता. आगरकरांच्या घरीं तर त्या हिशोबावर कित्येक वर्षांचें दारिद्र्य फिटावयाचें होतें. अशा स्थितींत ह्या दोघांनीं टेकडीवर बसून सरकारी चाकरी करावयाची नाहीं आणि लोकशिक्षणासाठीं आयुष्य वाहावयाचें असें ठरविलें. ह्याच वेळीं आगरकरांनीं आईला जें पत्र पाठविलें, तें पुढें महाराष्ट्रांत घरोघर माहीत झालें. मुलगा मोठ्या परीक्षा देत आहे, आतां मोठ्या पगाराची जागा मिळेल, अशी आशा तिनें धरूं नये; आपण पोटापुरत्या मिळकतींत समाधान मानून सारा वेळ परहितांत घालविणार, असा त्याचा आशय होता.

हें पत्र लिहिणारा माणूस धैर्याचा होता ह्यांत शंका नाहीं. पण तें एकट्याचें धैर्य होतें काय? हाच निश्चय शेजारीं दुसरा कोणी करीत नसता, तर तो पत्रापर्यंत पोंचला असता काय? एकट्याच्या मनांत असतो तोंवर असला विचार स्वप्नासारखा असतो. सकाळीं उठून माणूस त्याला हंसूं शकतो. तोच दुसऱ्याच्या कानावर पडला कीं त्याला साक्षीदार मिळतो, आणि साक्षीदार असलेलें स्वप्न मोडणें कठीण जातें. टिळकांना आगरकरांनीं, आणि आगरकरांना टिळकांनीं, जें पहिलें दिलें तें हें. उपदेश कोणीं कोणाला केला नाहीं. एकमेकांसमोर मागें फिरण्याची लाज मात्र दोघांनाही उत्पन्न झाली.

पुढची हकीकत सर्वश्रुत असल्यामुळें थोडक्यांत सांगितली तरी चालेल. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनीं सरकारी नोकरी सोडल्याचें कळतांच हे दोघे त्यांना जाऊन मिळाले. १८८० च्या जानेवारींत पुण्यांत न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालें, आगरकर एम्. ए. ची परीक्षा उरल्यामुळें मागाहून त्यांत आले. १८८१ च्या जानेवारींत दोन पत्रें निघालीं. इंग्रजी 'मराठा' टिळकांकडे आला आणि मराठी 'केसरी' आगरकरांकडे. ज्या टिळकांचें नांव पुढें 'केसरी'शीं कायमचें जोडलें गेलें, ते आरंभीं त्याचे संपादक नव्हते, आणि ज्या आगरकरांना पुढें 'केसरी'ला उत्तर देण्यासाठीं निराळें पत्र काढावें लागलें, तेच त्याचे पहिले संपादक होते.

त्यानंतर डोंगरीचा तुरुंग आला, आणि येथें मात्र थांबलें पाहिजे.

कोल्हापूरच्या तरुण महाराजांच्या होणाऱ्या हालांविषयीं तेथील दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर आरोप करणारा मजकूर दोन्ही पत्रांत प्रसिद्ध झाला. ज्या पत्रांच्या आधारावर तो लिहिला होता तीं बनावट ठरलीं. अब्रूनुकसानीचा खटला चालला. जामिनाची व्यवस्था करण्यांत जोतीराव फुले यांनीं पुढाकार घेतला, ही गोष्ट पुढें पुण्यांतले पक्ष जे कांहीं झाले त्यांकडे पाहतां लक्षांत ठेवण्यासारखी आहे. खटला चालूं असतांनाच, १८८२ च्या मार्चमध्यें, विष्णुशास्त्री वारले. १७ जुलै १८८२ रोजीं टिळक आणि आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा झाली. तेव्हां एकाला सव्विसावें वर्ष पुरें होऊन तीनच दिवस झाले होते, आणि दुसऱ्याचें पुरें होण्यास सहा दिवस उरले होते. चांगल्या वागणुकीबद्दल थोडी सूट मिळून २६ ऑक्टोबरला ते बाहेर आले. ह्या वास्तव्यावर आगरकरांनीं लगेच एक लहानसें पुस्तक लिहिलें. त्याचें नांव 'डोंगरीच्या तुरुंगांतील आमचे १०१ दिवस'.

ह्या नांवांतील 'आमचे' हा शब्द सहज आलेला आहे आणि म्हणूनच तो पाहण्यासारखा आहे. पुस्तक एकट्याच्या हातचें. दिवस मात्र दोघांचे. तुरुंगांतल्या खोलींत रात्रीं त्यांचें बोलणें चाले, आणि बोलतां बोलतां आवाज असा चढे कीं पहारेकऱ्यांना येऊन त्यांना गप्प करावें लागे. कशाविषयीं बोलणें? सुटल्यावर काय करावयाचें, शाळेचें कॉलेज कसें करावयाचें, लोकस्थिति कशी सुधारावयाची, ह्याविषयीं. टेकडीवरचें संभाषण तुरुंगांत पुढें चालूं झालें एवढाच फरक. पण तो फरक लहान नाहीं. टेकडीवर माणूस कंटाळला तर उठून जाऊं शकतो, न पटलें तर दुसऱ्या दिवशीं निराळ्या वाटेनें फिरावयास निघूं शकतो. खोलींत ती सोय नाहीं. साडेतीन महिने रोज तोच चेहरा, तोच आवाज, आणि तीच आपल्या प्रत्येक वाक्याला हरकत घेणारी बुद्धि. असल्या सहवासांत साधारण स्नेह विटून जातो. ह्यांचा विटला नाहीं, उलट त्यांतून बाहेर पडल्यावर दोनच वर्षांनीं, २४ ऑक्टोबर १८८४ रोजीं, डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १८८५ च्या जानेवारींत फर्ग्युसन कॉलेज उघडलें. तुरुंगाच्या भिंतींत ज्याची बोलणीं झालीं होतीं तें कॉलेज प्रत्यक्ष उभें राहिलें. टिळक तेथें गणित शिकवूं लागले, आगरकर इतिहास आणि तर्कशास्त्र.

त्या रात्रींच्या वादांनीं दोघांवर काय संस्कार केला असावा, ह्याचा अंदाज त्यांच्या पुढल्या लिखाणावरून बांधतां येतो. टिळकांचे अग्रलेख वाचणाऱ्याला एक गोष्ट हटकून जाणवते. प्रतिपक्षाचा मुद्दा ते आधीं मांडतात आणि मग पायरीपायरीनें पाडीत जातात. ही वकिली शिक्षणाची करामत आहे असें म्हणण्याचा प्रघात आहे, आणि त्यांत कांहीं तथ्यही आहे. परंतु कायद्याचें पुस्तक कधीं उलटून बोलत नाहीं. समोर बसून उलटून बोलणारा आगरकर होता. तीच गोष्ट दुसऱ्या बाजूची. आगरकरांचें गद्य कठोर आहे, तर्काला धरून आहे, पण तें कोणाला तरी उद्देशून लिहिलेलें आहे, असा भास वाचकाला सारखा होतो. रूढीचा पक्ष घेणारा माणूस मूर्ख आहे असें समजून तें लिहिलेलें नाहीं. तो बुद्धिमान आहे, आपल्याइतकाच बुद्धिमान आहे, आणि तरी त्याला पटवावयाचें आहे, ह्या ईर्ष्येनें लिहिलेलें आहे. असा विरोधक त्यांनीं कल्पनेनें उभा केला नव्हता. त्याच्याशेजारीं ते १०१ रात्री निजले होते.

फाटाफुटीला आरंभ झाला तो १८८४ नंतर. बेहरामजी मलबारी यांनीं बालविवाह आणि विधवांची स्थिति यांविषयीं आपलीं टिपणें प्रसिद्ध केलीं, पाठोपाठ रखमाबाईंचा खटला गाजूं लागला, आणि ज्या प्रश्नांवर खासगींत हंसत हंसत वाद घालतां येत होता त्यांवर जाहीर मत देण्याची वेळ आली. टिळकांचें म्हणणें, समाज आपल्याबरोबर नेला पाहिजे, आणि परक्या सरकारच्या कायद्यानें घरांत हात घालूं नये. आगरकरांचें म्हणणें, जें अन्यायाचें आहे तें आजच अन्यायाचें आहे. लोक तयार होईपर्यंत त्याला न्याय म्हणतां येत नाहीं. 'केसरी' एकट्याच्या मालकीचा नव्हता. संपादक आगरकर, पण पत्राचें धोरण सर्वांचें. त्यामुळें स्वतःच्याच पत्रांत स्वतःचें मत मांडतांना आगरकरांची कुचंबणा होऊं लागली. १८८७ सालीं त्यांनीं 'केसरी' सोडला आणि तो टिळकांकडे गेला. १८८८ च्या ऑक्टोबरांत आगरकरांचा 'सुधारक' निघाला.

मतभेदानें मैत्री तुटली असें साधारणपणें सांगितलें जातें. हें पुरतें खरें नसावें. मतभेद तर टेकडीवरही होते. जी गोष्ट मैत्रीच्या मर्मीं लागली ती निराळी होती, आणि तिच्याविषयीं चरित्रकार थोडे संकोचानें बोलतात, कारण ती पैशाची होती.

सोसायटीच्या आजीव सभासदांनीं वीस वर्षें अल्प वेतनावर काम करावें असें ठरलें होतें. हें वेतन दरमहा ७५ रुपयांचें. टिळकांचें मत असें कीं ज्यानें हें व्रत घेतलें त्यानें आपला सारा वेळ संस्थेला द्यावा आणि बाहेरची मिळकत करूं नये. एकदां सूट दिली कीं त्यागाचा पायाच ढासळला. इतर सभासदांना संसार होते, गरजा वाढत होत्या. फावल्या वेळांत पुस्तक लिहून चार पैसे मिळविण्यांत त्यांना व्रतभंग दिसत नव्हता. आगरकर ह्या दुसऱ्या पक्षांत होते. तात्त्विक दृष्ट्या पाहिलें तर टिळकांची बाजू कमी बळकट होती असें म्हणतां येणार नाहीं. पण ती कोणाविरुद्ध मांडली जात होती? ज्यानें आईला तें पत्र लिहिलें होतें त्याच्याविरुद्ध. एका सदऱ्यावर कॉलेज काढलेल्या माणसाला, दम्यानें जर्जर झालेल्या माणसाला, त्याच्या सर्वांत जवळच्या मित्रानें त्यागाचा अर्थ समजावून सांगावयाचा, ह्याहून कडू प्रसंग कोणता? दारिद्र्य ज्यानें स्वेच्छेनें पत्करलें त्याला तें व्रत वाटतें. जो त्यांतच जन्मला त्याला तें व्रत म्हणून मिरवितां येत नाहीं, आणि त्यांतून दोन पैशांनीं वर यावेंसें वाटणें ही त्याची लालसा नसते. टिळकांसारख्या तीक्ष्ण बुद्धीच्या पुरुषाला हें उमगूं नये, हें आश्चर्य आहे. अथवा आश्चर्यही नसेल. मित्राची बुद्धि माणूस ओळखतो, त्याचें मत ओळखतो. त्याच्या लहानपणची भूक ओळखणें फार कठीण असतें, कारण ती त्यानें स्वतःच लपविलेली असते.

उलट बाजूनेंही न्याय केला पाहिजे. टिळकांना जें दिसत होतें तें असें कीं दोघांनीं मिळून बांधलेल्या घराचा एक वांसा दुसरा ढिला करीत आहे. टेकडीवरच्या निश्चयाचा साक्षीदारच आतां त्या निश्चयाला मुरड घालीत आहे, अशी त्यांची समजूत झाली असावी. आणि परक्याला जें माणूस सहज क्षमा करतो तें मित्राला करीत नाहीं. १८९० सालीं गोपाळ कृष्ण गोखले यांनीं कॉलेजचें काम सांभाळून सार्वजनिक सभेचें चिटणीसपद पत्करलें, तेव्हां हा प्रश्न पुन्हां पेटला, आणि त्याच वर्षीं टिळकांनीं राजीनामा देऊन सोसायटी सोडली. राजीनाम्यासोबत त्यांनीं आपली बाजू मांडणारें जें निवेदन लिहिलें तें फार लांब आहे. इतकें लांब निवेदन माणूस ज्याच्याशीं संबंध नाहीं अशा कोणासाठीं लिहीत नाहीं.

येथून पुढें पांच वर्षें 'केसरी' आणि 'सुधारक' एकमेकांवर तुटून पडत होते. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याच्या वेळीं तर सीमा झाली. आगरकर कायद्याच्या बाजूचे, टिळक विरुद्ध. लेखणीला धरबंध राहिला नाहीं. जुन्या सहवासांतलें जें जें एकाला दुसऱ्याविषयीं माहीत होतें तें तें टोंचण्याच्या उपयोगीं पडलें. पुण्यांतल्या सनातनी मंडळींनीं जिवंत आगरकरांची प्रेतयात्रा काढली. ह्या प्रकाराशीं टिळकांचा संबंध जोडण्याचें कारण नाहीं, पण आपल्या जुन्या मित्राचें सोंग बाहेर काढलेलें त्यांच्या कानीं आलें नसेल असेंही नाहीं.

हीं पांच वर्षें वाया गेलीं काय? दोघांच्या आयुष्याकडे पाहतां तसें म्हणवत नाहीं, आणि हीच ह्या मैत्रींतील विलक्षण गोष्ट आहे. आगरकर 'केसरी'त राहिले असते तर तडजोडीच्या भाषेंत लिहीत राहिले असते. 'सुधारकां'त त्यांनीं जें लिहिलें त्यावरच त्यांचें नांव उभें आहे. स्त्रियांचें शिक्षण, विवाहाचें वय, केशवपन, सोवळें-ओवळें, देवधर्माची चिकित्सा, सर्व कांहीं त्यांनीं बुद्धीच्या एकाच तराजूंत घातलें. टिळकांचेंही तसेंच. आगरकर 'केसरी'तून उठले तेव्हां त्या जागीं टिळकांना बसावें लागलें, आणि जो मनुष्य आजवर इंग्रजींत लिहीत होता त्याला शेतकरी, दुकानदार, भिक्षुक यांच्या मराठींत लिहावें लागलें. मराठीनें त्यांना लोकमान्य केलें. शिवाय आगरकरांच्या माऱ्यामुळें त्यांना आपला पक्ष नुसता रूढीचा पक्ष म्हणून सोडून देतां आला नाहीं. मुलींचें लग्न सोळा वर्षांच्या आधीं करूं नये, मुलांचें वीस वर्षांच्या आधीं करूं नये, असे नियम सुधारणेच्या पुरस्कर्त्यांनीं आधीं स्वतःला लावून घ्यावे, कायदा मागूं नये, अशी सूचना त्यांनीं १८९० च्या सुमारास केली. ही सूचना डावपेंचाची होती असें विरोधक म्हणत, आणि असेलही. परंतु समोर आगरकर नसते तर तितकीही करण्याचें त्यांना कारण पडलें नसतें.

तेव्हां ढवळ्या-पवळ्याची म्हण येथें कशी लावावी? वाण लागला नाहीं, गुणही लागला नाहीं. टिळकांच्या सहवासांत आगरकर अधिक टिळकांसारखे झाले नाहींत. ते अधिकाधिक आगरकर होत गेले. टिळकांचीही तीच कथा. निकट मित्राचा परिणाम म्हणजे त्याचें अनुकरण, ही समजूत वडील मंडळींच्या मनांत पक्की असते, म्हणून तीं मुलाच्या मित्राची गुणपत्रिका पाहतात. पाहावयाची ती दुसरीच गोष्ट असते. ह्या मित्रापुढें मुलगा आपलें खरें मत बोलून दाखवितो काय, आणि तो मित्र तें खोडून काढण्याइतका त्याला जवळचा आहे काय? हें गुणपत्रिकेंत लिहिलेलें नसतें. किंबहुना अशा मित्राबरोबर मुलगा जास्तच भांडतांना दिसेल.

अनुकरणाची मैत्री नसतेच असें नाहीं. ती याच मंडळींत होती. गोखले आगरकरांपेक्षां जवळजवळ दहा वर्षांनीं लहान. 'सुधारका'ची इंग्रजी बाजू ते लिहीत, आगरकरांना वडील बंधूच्या ठिकाणीं मानीत. त्यांच्यावर आगरकरांचा रंग चढला, पुढें न्यायमूर्ति रानडे यांचा चढला, आणि त्या दोन्हींनीं तें कोमल मन पिकत गेलें. ही घडणही उत्तमच. पण तिला शिष्यत्व म्हणणें अधिक योग्य. त्यांत एक देतो आणि दुसरा घेतो. टेकडीवर आणि डोंगरींत कोणीच गुरु नव्हता.

फर्ग्युसन कॉलेजचे पहिले प्रिन्सिपॉल वामन शिवराम आपटे १८९२ सालीं अकालीं वारले आणि ती जागा आगरकरांकडे आली. दम्यानें शरीर पोखरलेलें, तरी कॉलेज आणि 'सुधारक' दोन्ही चालूंच होते. १७ जून १८९५ रोजीं ते निवर्तले. एकोणचाळिसावें वर्ष पुरें होण्यास महिनाभर कमी होता. सांगतात कीं त्यांच्यामागें एक लहानशी पुडी निघाली. तिच्यांत थोडे रुपये होते, आणि आपल्या अंत्यविधीचा भार कोणावर पडूं नये म्हणून तें पैसे राखून ठेवल्याचें वर लिहिलें होतें. पैशाच्या लोभाचा जो वाद होता, त्याचें ह्यापेक्षां अधिक उत्तर देण्याची कोणाला गरज वाटली नाहीं.

तो दिवस सोमवार होता. 'केसरी' मंगळवारीं निघे. मृत्युलेख लिहिण्यास कार्यालयांत दुसरीं माणसें नव्हतीं असें नाहीं. पण तो टिळकांनींच लिहिला. जो माणूस एरवीं लेखनिकाला भराभर मजकूर सांगून मोकळा होई, त्याला ह्या एका लेखासाठीं तासन् तास लागले आणि डोळे पुसत पुसत तो पुरा करावा लागला, असें त्या वेळचीं जवळचीं माणसें सांगत. मतभेदाचा उल्लेख त्यांत टाळलेला नाहीं, आणि जुन्या स्नेहाचाही नाहीं. पत्राच्या पहिल्या संपादकाची निधनवार्ता त्याच पत्रांत, त्याच्या जागीं बसलेल्या मित्राच्या हातून छापली गेली.

टिळक त्यानंतर पंचवीस वर्षें जगले. त्यांना अनुयायी मिळाले, भक्त मिळाले, मोठे मोठे शत्रूही मिळाले. मंडालेच्या तुरुंगांत १९०८ ते १९१४ अशीं सहा वर्षें त्यांनीं काढलीं, तेथें 'गीतारहस्या'सारखा ग्रंथ लिहिला. त्या खोलींत रात्रीं पहारेकऱ्याला येऊन आवाज कमी करा म्हणून सांगावें लागण्याचा प्रसंग मात्र आला नाहीं.